घोड्याचा मागचा भाग

३ मार्च

दादा,

हे पत्र उभ्याने लिहिते आहे. इस्त्रीचं टेबल वर ओढलं की कागद बरोबर हाताशी येतो. फोन करता आला असता, पण तू 'बोल, पटकन बोल' म्हणतोस आणि मग मी पटकन काहीतरी भलतंच बोलते. दोन वर्षं आपण बोललो नाही, आता निदान सावकाश लिहावं.

बातमी चांगली आहे. माझ्या दुखण्याला नाव मिळालं.

शेजारणीने एका पेन क्लिनिकचा, म्हणजे नुसत्या दुखण्यांवरच्या दवाखान्याचा, पत्ता दिला होता. मी नेहमीप्रमाणे सगळे एमआरआय काखोटीला मारून गेले. डॉक्टरबाईंनी ते उघडलेही नाहीत.

"फोटो नंतर. आधी पाठ बघू. आणि मला एका बोटाने दाखवा, सुरू कुठून होतं?"

एका बोटाने दाखवा असं मला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. मी नेहमी सगळा तळहात कंबरेवरून मांडीपर्यंत फिरवायचे. परक्या माणसासमोर कुल्ल्यावर बोट ठेवायचं कसं? समोरचा 'सायटिका' म्हणून मोकळा व्हायचा. मग कंबरेला वजनं लावून ताणणं, मणक्यात सुया, पालथं पडून नागासारखं डोकं वर काढायचा व्यायाम. तुला ठाऊक आहे सगळं. निदान सुरुवातीचं तरी.

बाईंनी कंबरेच्या हाडाच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला आणि मणक्यापासून थोड्या अंतरावर, एका जागी दाबला. मी टेबलावरून उडाले.

"कुल्ल्यात गेली कळ?"

"गेली."

"हीच का ती? की दुसरी?"

"हीच." मला रडू यायला लागलं होतं. "हीच, हीच आहे."

मग त्यांनी माझ्याच एमआरआयच्या पाकिटावर चित्र काढून दाखवलं. कातडीकडे जाणाऱ्या बारीक नसा कंबरेतून खाली येतात आणि त्या हाडाच्या कडेवरून कुल्ल्यात उतरतात. कडेवर त्यांना एका घट्ट पडद्यातून वाट काढावी लागते. तिथे चिमटल्या की आग होते, बसवत नाही, कूस बदलवत नाही, कधीकधी मांडीपर्यंत कळ जाते आणि सगळ्यांना सायटिका वाटते. एमआरआयमध्ये त्या दिसत नाहीत. तिथे दिसते ती मणक्यांमधली चकती. ती जराशी बाहेर आलेली असते, तशी ती काहीच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांचीही असते, आणि सगळे तिच्याच मागे लागतात. बाईंनी कुल्ल्यातला एक खोलवरचा स्नायूही तपासला, मणका आणि कंबरेच्या हाडाचा सांधाही. त्या वाटांनी काही मिळालं नाही.

मग त्यांनी विचारलं, "कंबरेला काही बांधत होता का? जड पट्टा, हत्यारांचा वगैरे?"

"मी घोडा होते," मी म्हटलं. "म्हणजे घोड्याचा मागचा भाग."

त्यांचं पेन थांबलं. मग मला सगळं सांगावं लागलं. आमची नाटकमंडळी आहे, आमच्या वडिलांनी, अप्पांनी, वेताचा आणि कापडाचा एक घोडा केला. त्यात दोन माणसं असतात. पुढचा मान आणि पुढचे पाय चालवतो, मागचा वाकून मागचे पाय आणि शेपूट. दोघांच्या कंबरेला रुंद पट्टे, पट्ट्यांवरून निघालेल्या आधारांवर घोड्याचा लाकडी कणा, कण्यावर खोगीर आणि खोगिरावर खरीखुरी राजकन्या. आमच्यातली सगळ्यात किडकिडीत नटी, पण शेवटी माणूसच.

"खोगीर कोणाच्या बाजूला असतं?"

"मधोमध."

"मग पुढच्या माणसाचीही कंबर दुखत असेल."

"छे," मी म्हटलं. "त्याला काही होत नाही. तो दादा आहे."

बाई हसल्या. म्हणाल्या, "असो. घोडं कुठे पेंड खातंय ते तर कळलं." मग त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि जरा वेळाने म्हणाल्या, बसा. मी स्टुलावर बसले, दादा. सरळ, दोन्ही कुल्ल्यांवर सारखा भार टाकून. बसून राहिले. बाहेर रांग होती तरी त्यांनी मला उठवलं नाही.

संध्याकाळी कळ परत आली. येणारच होती, ती परीक्षा होती, इलाज नव्हे. इलाज पुढे आहे. पण आता ते दुखणं माझं आहे, आणि खरं आहे.

म्हणून एकच मागते. ज्या प्रयोगात घोडा बसला आणि माझी बाजू उठलीच नाही, त्यानंतर रंगपटात सगळ्यांसमोर तू म्हणालास, 'शेपटीला कंटाळा आलाय. कंबर हे निमित्त. मनाचे खेळ सगळे.' राजकन्येने मान खाली घातली होती, पण बाकीचे हसले. त्या सगळ्यांसमोर एकदा म्हण, की ते खरं नव्हतं. माफी नको. नुसतं तेवढं.

आणि ऐकलं की दोन वर्षं टांगून ठेवलेला घोडा पुन्हा निघणार, आता तुझी लेक मागे शिरणार. तिला पट्ट्याखाली कापडाची जाड घडी घालायला सांग. हाडाच्या कडेवर. विसरू नकोस.

तुझी,
शेपटी


१७ मार्च

दादा,

तुझा निरोप मिळाला. 'बरं वाटलं. पट्ट्याचा संबंध नसावा. अप्पांनी केलेला घोडा आहे. काळजी घे.' एवढाच.

त्यात जे नाही ते मी शोधत बसले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तू पत्र लिहिणारा माणूस नाहीस. लहानपणी मामाला आभाराचं पत्रही तू माझ्याकडून लिहून घ्यायचास आणि खाली सही ठोकायचास.

काल तुझी लेक आली होती. आल्या आल्या पलंगावर पसरली, माझ्याच उशीवर. मी विचारलं, "कसा आहे घोडा?"

"मस्त! आत्या, तुम्ही म्हातारी माणसं उगाच घाबरवता गं. मला वाटलं होतं मरेन आत. शाळेत असताना दप्तर याहून जड होतं."

"राजकन्या बसल्यावर?"

"बसल्यावरचंच सांगतेय. अर्धं बाबा, अर्धं मी. झोका असतो ना, तसं."

मी तिला पालथं व्हायला सांगितलं आणि बाईंनी दाबली होती त्याच जागी अंगठा दाबला.

"दुखतं?"

"गुदगुल्या होतात! सोड ना!"

ती गेल्यावर मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. ती तरुण आहे. तिची हाडं, तिचे स्नायू, सगळं नवं. नव्या माणसाला ओझं ओझं वाटत नाही. शिवाय मी तिचा हेवा करत असेन. माझ्या जागी ती शिरली, आणि तिला माझी जागा हलकी वाटली, हे मला खुपत असेल. रोजनिशीत तसं लिहून टाकलं की मन स्वच्छ होईल असं वाटलं. लिहिलं. झालं नाही.

कारण मला ज्या वर्षी तू घोडा नव्याने रंगवलास ते वर्ष आठवतं. तू एकटाच तुझ्या घराजवळच्या, मंडळीचं सामान करायच्या कारखान्यात होतास, आत येऊ नका, रंग ओला आहे, म्हणत होतास. मग पहिली तालीम. राजकन्या चढली आणि माझे गुडघे वाकले. मी तुझ्या पाठीला डोकं टेकवून म्हटलं, 'दादा, हा जड झालाय.'

तू पुढूनच म्हणालास, 'घोडा तोच आहे, शेपटे. तूच सुटली आहेस.'

सगळे हसले. मीच सगळ्यांत मोठ्याने. आणि त्या दिवसापासून मी रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. तुला हे माहीत नसेल. माझा तुझ्यावर इतका विश्वास होता की घोड्याऐवजी मी स्वतःलाच हलकं करत बसले.

आता विचारते. उत्तर 'नाही' असेल तर मी तिथेच गप्प बसेन, आणि मनात आणल्याबद्दल तुझी माफी मागेन. त्या वर्षी रंगाशिवाय तू घोड्याचं आणखी काही केलं होतंस का?

शेपटी


२९ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही म्हणून मी तुझ्या घरी गेले. तू दौऱ्याची जागा बघायला गेला आहेस हे मला माहीत होतं, हेही लिहून ठेवते. चोरासारखी गेले असं तू म्हणू शकतोस.

वहिनीने चहा ठेवला. तुझ्या लेकीने कारखाना उघडला. तोच वास, सरस आणि ओल्या कापडाचा. घोडा छपराच्या आकड्यांना टांगलेला, पाय लोंबकळत. मी त्याच्या खालून कितीदा आत शिरले असेन, पण वरून त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. अप्पांची रीत तशीच होती ना. 'वरचं पुढच्याने बघायचं, खालचं मागच्याने. एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही.' मी पायांचे सांधे, शिवण, शेपटीची दोरी बघायची. तू कणा, खोगीर, मान. आणि आत शिरल्यावर मागच्याने बोलायचं नाही, काही दिसत नाही म्हणून विचारायचं नाही. पुढच्याच्या पाठीवर डोकं ठेवायचं आणि ती नेईल तिकडे जायचं. नव्या माणसांना हे ऐकून हसू यायचं. मला कधी आलं नाही.

मी स्टुलावर चढले आणि झूल उचलली.

खोगीर मधोमध होतं. बरोब्बर मधोमध. खोगीर कण्यावर धरून ठेवणारा बोल्ट नवा, चकचकीत.

मला सुटल्यासारखं वाटलं, खरंच सांगते. मी झूल सोडणारच होते. पण खोगिरामागे, माझ्या बाजूला, कण्यावरचा रंग जरा वेगळा दिसला. नखाने टोकरलं तर पुट्टी निघाली. पुट्टीखाली भोक होतं.

तू अप्पांचा मुलगा आहेस, मी त्यांची मुलगी. लाकडातलं भोक कसं असतं ते आपल्या दोघांनाही शिकवावं लागत नाही. नुसतं पाडलेलं भोक गोल असतं. ज्यात बोल्टवर वर्षानुवर्षं माणूस बसलं, ते लांबट होतं, कड झिजून गुळगुळीत होते. हे लांबट होतं. माझ्या करंगळीचं टोक त्यात हललं.

"काय गं आत्या? कीड लागलीय का?" तुझी लेक खालून म्हणाली.

"हे कधी बुजवलं बाबाने?"

"ते होय. मी शिरायच्या आधी. बाबाने सगळा घोडाच नीट केला ना, माझ्यासाठी."

माझ्यासाठी, म्हणाली. किती सहज म्हणाली.

चहा घेताना मी वहिनीला विचारलं, ज्या वर्षी घोडा रंगवला त्या वर्षी दादाला काही झालं होतं का.

"अगं, तेव्हाच तर ह्यांचा मणका सरकला होता. अंथरुणातून उठता येईना. दौरा ठरलेला. 'शेपटीला सांगू नको, घाबरेल उगाच,' म्हणाले." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "का गं? तुला नव्हतं माहीत अजून?"

तिला काही माहीत नाही, दादा. तिच्यावर चिडू नकोस.


३० मार्च

काल सही करायची राहिली. आजही करत नाही.

रात्रभर मी तुझी बाजू मांडत होते. मला ती छान मांडता येते, सवय आहे. मणका सरकलेला. दौरा रद्द केला तर मंडळी बसेल. खोगीर एक भोक मागे सरकवलं, तात्पुरतं. मग बरं वाटलं, मग राहून गेलं. माणूस असंच करतो. मीही केलं असतं कदाचित.

इथपर्यंत मी तुझ्याबरोबर चालते. पुढे पाय अडतात.

विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. हे तुला माहीत होतं! 'शेपटे, माझी पाठ गेलीय, थोडे दिवस तू उचल' एवढं म्हणायचं होतं. मी पट्ट्याखाली दोन घड्या जास्त घातल्या असत्या. तुझ्यापेक्षा बळकट आहे म्हणून मंडळीत मिरवलं असतं. मधल्या सुट्टीत पट्टा सोडला असता. ते ओझं मी आनंदाने उचललं असतं. तू ते चोरून ठेवलंस माझ्या कंबरेवर.

आणि तेही एक वेळ सोडून देते. पण मी बसायची बंद झाले, उभ्याने जेवायला लागले, रंगपटात भिंतीला कंबर लावून रडले, तेव्हा कारण कुठे आहे हे सगळ्या जगात एकट्या तुला माहीत होतं. डॉक्टर चकती शोधत होते. तू मनाचे खेळ म्हणालास.

लेकीला आत घ्यायची वेळ आली तेव्हा तुझा हात न सांगता मधल्या भोकाकडे गेला. म्हणजे विसरलेला नव्हतास.


१२ एप्रिल

दादा,

तू फोन केलास. बरं केलंस. तू काय म्हणालास ते मी लिहून काढते, कारण फोनवर मी नीट ऐकलं का याची मला खात्री नाही, आणि चुकीचं धरून बसायचं नाही. चूक असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालास, "तेव्हा दुसरा इलाज नव्हता."

मी म्हटलं, "होता. मी होते."

मग तू म्हणालास, "मला वाटलं तुला सवय होईल."

मी म्हटलं, "मग माझी कंबर गेली तेव्हा?"

मागे कोणीतरी पत्रा ठोकत होतं. मग म्हणालास, "दुखणं तुझ्या मनातलं नाही असं म्हटलं असतं, तर माझ्यामुळे आहे म्हणावं लागलं असतं."

हे असंच होतं ना? मी काही वाढवलं नाही ना?

मला वाटलं होतं हे ऐकलं की मोकळं वाटेल. गाठ सुटल्यासारखं. तसं झालं नाही. पण एक सांगते, एवढ्या वर्षांत तू मला सांगितलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

तू विचारलंस की मंडळीसमोर काय सांगू. आता माझी तशी काही मागणी नाही. तेव्हा मला वाटत होतं की तुझा गैरसमज झाला होता. गैरसमज असता तर तो दूर करता आला असता.

माझं ठरलंय. आणखी दोनदा इंजेक्शन देऊन बघणार आहेत. टिकलं नाही तर लहानसा छेद देऊन तो पडदा सैल करतील. पूर्ण बरं होईल असं बाई म्हणत नाहीत. नस फार काळ दाबलेली होती, म्हणतात. 'आधी कोणी पट्ट्याबद्दल बोललं असतं तर बरं झालं असतं.' मी मान हलवली.

एकच उरलं. तुझी लेक. तिला तू सांगावंस असं मला वाटत होतं. मग वाटलं, ती आत शिरणार आहे, तुझ्या पाठीवर डोकं ठेवून, आंधळी. तिथे हे मनात घेऊन तिने कसं चालायचं? तिला तुझ्याविषयी मी काही सांगणार नाही. पण तिला मी गाफीलही राहू देणार नाही. प्रयोगाला येईन. पाठीमागे उभी राहीन, मला तशीही खुर्ची नकोच असते.


२६ एप्रिल

दादा,

तू तिथेच होतास, म्हणून हे लिहायची गरज नाही. तरी लिहिते, कारण तू पुढे होतास, आणि पुढच्याला मागचं दिसत नाही.

प्रयोगाआधी मी तिला विंगेत गाठलं. ती पट्टा बांधत होती. पट्ट्याखाली घडी होती, जाड, बरोबर हाडाच्या कडेवर. म्हणजे पहिल्या पत्रातलं तेवढं तू ऐकलंस. ते मी पाहिलं.

"स्टूल घे," मी म्हटलं. "झूल उचल. बोल्ट कुठल्या भोकात आहे?"

"मधल्या. बाबाने बसवलाय की."

"तू बघितलास?"

"आत्या, वरचं पुढच्याने बघायचं असतं."

"माहीत आहे. ती आपल्या अप्पांची रीत. माझी रीत सांगते. आत शिरायच्या आधी दर वेळी, दर प्रयोगाला, वर चढून स्वतः बघायचं. घोडा जड लागला तर तो जडच आहे असं धरायचं. कोणी हसलं तरी."

ती हसलीच. "बाबावर विश्वास नाही तुझा?"

तेव्हाच तू आलास, मानेचा सांगाडा खांद्यावर घेऊन. तू ऐकलंस. तिचा चेहरा माझ्याकडे होता, तुझा तिच्याकडे.

मी म्हटलं, "आत शिरलं की विश्वास ठेवावाच लागतो, बाळा. म्हणून आधी बघून घ्यायचं."

ती स्टुलावर चढली. झूल जड होती, एका हाताने उचलेना. तू घोड्याची मान खाली ठेवलीस आणि तिच्यासाठी झुलीचं टोक धरलंस. दिवा नीट पडावा म्हणून जरा बाजूला झालास. तिने वाकून पाहिलं, बोटाने बोल्ट हलवून पाहिला, मग मागची पुट्टी टोकरलेली जागाही पाहिली. तिने काही विचारलं नाही. तू झूल तेवढी धरून राहिलास, तिचं बघून होईपर्यंत.

मग तुम्ही दोघं आत शिरलात. राजकन्या चढली. घोडा चालायला लागला आणि सुंदर चालला, दादा. बसला आणि उठला. मागची बाजू आधी उठली.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा तू मुखवट्यातून माझ्याकडे पाहत होतास की दिव्यांकडे, ते मला कळलं नाही. तू परत ये म्हणशील, शिकवायला तरी ये म्हणशील, असं वहिनी म्हणाली. तुझ्या लेकीला शिकवायला मी येईन. तुझ्यामागे मात्र आता चालणार नाही, कंबर बरी झाली तरी.

सही करताना सवयीने 'शे' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. दिसेलच तुला.

तुझ्या लेकीची
आत्या